नग्गरमध्ये देवळं नवी होताहेत, मग घरं का नाही?

गिरीवाट

मनालीला जाणारे बहुतेक जण बियासच्या उजव्या तीरावरच्या हमरस्त्याने सरळ पुढे निघून जातात. पतलीकुहलला पूल ओलांडून डाव्या तीरावर चढलं की साधारण १८०० मीटर उंचीवर नग्गर लागतं. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. आधी जगतसुख, मग नग्गर, आणि सतराव्या शतकात राजा जगतसिंहाच्या काळात कारभार खाली सुलतानपूरला, म्हणजे आजच्या कुल्लू शहरात गेला. गावात दगड-लाकडाचा राजवाडा आहे, त्रिपुरासुंदरीचं तीन छपरांचं देऊळ आहे, गौरीशंकराचं दगडी शिखराचं देऊळ आहे, वर रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांच्या कुटुंबाचं घर आहे.

पण हा प्रवासवर्णनाचा धागा नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथे मुक्काम होता. वरच्या अंगाच्या एका गावात देवतेचं देऊळ नव्याने बांधत होते, तेही पूर्ण जुन्या पद्धतीने. देवदाराच्या तुळया, मध्ये दगडांचे थर, सिमेंटचा कण नाही. सुतार दिवसभर तासत बसलेले. आणि त्याच पायवाटेवर, जेमतेम शंभर पावलांवर, तशाच बांधणीचं एक सुंदर घर पाडून सिमेंटचे खांब उभे केले होते. पुढचे दिवस मी मुद्दाम बघत फिरलो. जिथे जाल तिथे हेच. देऊळ जुन्या तऱ्हेचं आणि घर स्लॅबचं.

म्हणजे कारागीर आहेत, विद्या आहे, लाकूडही कुठून तरी मिळतंय. मग माणसं स्वतःसाठी तसं घर का बांधत नाहीत? माझं मत असं की अशा गावांमध्ये सरकारने जुन्या घरांना भरघोस अनुदान द्यावं आणि स्लॅबला परवानगीच देऊ नये. तुम्हाला काय वाटतं? हिमालयातल्या गावांत राहिलेले, काम केलेले, तिथलेच असलेले कुणी इथे असतील तर जरूर लिहा.

पायपीट

चंद्रखणी खिंडीचा ट्रेक नग्गरवरून केलाय, रुमसू गावातून वर. महाराष्ट्रातले कितीतरी लोक कुल्लू खोऱ्यात पहिल्यांदा गेले ते युवा वसतिगृह संघटनेच्या शिबिरांमुळेच, मीही त्यातलाच. रुमसूत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर झोपलो होतो. बाहेर बोटं गोठत होती आणि आत नुसत्या एका पट्टूवर, म्हणजे तिकडच्या लोकरी पांघरुणावर, निभावलं. परतताना मनालीत काँक्रीटच्या हॉटेलात दोन रजया घेऊनही हुडहुडी भरली. त्यामुळे प्रश्न मलाही पडलाय.

चिरेबंदी

वास्तुरचनेचं काम करते, म्हणून बांधणीबद्दल आधी सांगते. या पद्धतीला तिकडे काठकुणी म्हणतात.

बाहेरून एक तुळई, वर दगड, परत तुळई असं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक लाकडी थरात दोन समांतर तुळया असतात, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या. त्या दोन्हींना ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी तुकड्यांनी खाचा पाडून जोडतात, जणू शिडी आडवी ठेवली आहे. मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात. वर घडवलेल्या दगडांचा थर रचतात, कसलाही लेप न लावता. मग पुन्हा लाकूड. कोपऱ्यात दोन भिंतींच्या तुळया एकमेकींवर येतात आणि लाकडी खुंटीने अडकवतात. लोखंडी खिळा नसतो. वर जाऊ तसं दगड कमी आणि लाकूड जास्त, म्हणजे खाली जड, वर हलकं. सगळ्यात वर भिंतीबाहेर झुकलेली लाकडी ओसरी आणि त्यावर पाटीच्या दगडाचं छप्पर.

भूकंपात ही भिंत हलते. दगड एकमेकांवर घासतात, त्या घासण्यात धक्क्याची ताकद खर्ची पडते, आणि लाकडाचे थर सगळ्याला बांधून ठेवतात. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसं गेली. नग्गरचा राजवाडा त्यातून उभा राहिला. बंजारजवळच्या चैहणी कोठीचे वरचे मजले त्या वेळी गेले, पण उरलेला मनोरा आजही उंच उभा आहे. त्यामुळे ‘जुनं म्हणून छान दिसतं’ एवढ्यावर हा विषय सोडू नका. भूकंपाच्या पट्ट्यात ही बांधणी टिकणं हा जिवाचा प्रश्न आहे. तीन मजले उतारावर, बारीक खांब, नीट न घातलेलं लोखंड, अशी स्लॅबची घरं मी तिकडे पाहिली आहेत आणि मला त्यांची भीती वाटते.

गिरीवाटला उत्तर मात्र माझ्याकडे अर्धंच आहे. अशा एका घराला लाकूड प्रचंड लागतं.

माळरान

मला या चर्चांचा सूर खटकतो. आपण पुण्या-मुंबईत लिफ्टच्या इमारतीत राहायचं, नळाला गरम पाणी हवं, आणि डोंगरातल्या माणसाने मात्र आपल्याला फोटो काढता यावेत म्हणून ठेंगण्या दारातून वाकून आत जायचं. माझं आजोळ माणदेशात. धाब्याचं घर होतं. दर पावसाळ्याआधी वर माती टाकायची, पांढरी मळायची, उंदीर, विंचू. मामाने स्लॅब टाकला तेव्हा आजी रडली, आनंदाने. परवानगीच देऊ नये असं म्हणणाऱ्यांनी त्या घरात एक हिवाळा काढावा, बर्फ खोरून पाणी आणावं, मग बोलावं.

गिरीवाट

माळरान, राग समजतो. पण चिरेबंदींनी जे लिहिलंय ते पाहा. इथे जुनं घर नव्यापेक्षा उबदार आणि भूकंपात जास्त भरवशाचं आहे. धाब्याच्या घराशी थेट तुलना होत नाही.

कुल्लूची_लेक

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माझं माहेर नग्गरपासून जवळच, वरच्या अंगाला. लग्न होऊन नाशिकला आले त्याला आता खूप वर्षं झाली. मराठी सासूबाईंकडून शिकले, चूकभूल चालवून घ्या.

आमचं घर काठकुणीचंच. तळमजल्यावर गाई, मधल्या मजल्यावर धान्य आणि वस्तू, वर आम्ही. चूल वर. धूर लाकडाला लागतो म्हणून कीड लागत नाही. खाली जनावरं असतात, त्यांची ऊब वर येते. पायपीट, तुम्हाला रुमसूत ऊब लागली त्यात गाईंचा वाटा होता.

आता सांगते काय झालं. सफरचंद आलं, पैसा आला, शेतं बागा झाली. कुरणं कमी झाली, गाई एकेक करून गेल्या. तळमजला रिकामा पडला. रिकामा तळमजला असलेलं ते घर पूर्वीसारखं गरम राहत नाही. चुलीच्या जागी गॅस आला, धूर गेला, लाकडाला भुंगा लागायला लागला. म्हणजे घर तेच, पण त्याला जिवंत ठेवणारी रोजची कामं राहिली नाहीत.

मग लाकूड. आमच्याकडे जुन्या हक्कदार कुटुंबांना सरकारी जंगलातून घर बांधायला झाड सवलतीत मिळतं. त्याला सगळे टीडी म्हणतात. इंग्रजांच्या वेळी अँडरसन साहेबाने बंदोबस्त केला तेव्हापासून कुणाचा कुठल्या जंगलावर काय हक्क, हे लिहून ठेवलंय. पण आता मिळतं ते फार थोडं, आणि एकदा घेतलं की पुढची कित्येक वर्षं परत मागता येत नाही. मध्ये काही वर्षं तर ते पूर्ण बंदच होतं. त्यात दारं-खिडक्या आणि छपराचे वासे होतात. चार भिंती काठकुणीच्या उभ्या करायला बाजारातून देवदार घ्यायचा तर सगळी बाग विकावी लागेल.

आणि तिसरं, वाटणी. दोन भाऊ झाले की दोन चुली. काठकुणीचं घर मधून कापता येत नाही. सिमेंटचं घर हवं तसं वाढवता येतं, एका बाजूला एक खोली, वर दुसरी.

माझ्या भावाने जुन्या घराशेजारी स्लॅबचं बांधलं. जुन्यात आता सफरचंदाच्या पेट्या ठेवतो. आईला विचारलं तर ती म्हणते नव्यात भांडी घासायला बरं, झोपायला जुनं बरं.

आता गिरीवाटजींचा खरा प्रश्न, देवळाचं कसं होतं? देवतेचं देऊळ एका कुटुंबाचं नसतं. प्रत्येक देवतेची गावं ठरलेली असतात. त्या गावांची माणसं म्हणजे हारियान. देऊळ बांधायचं ठरलं की घराघरातून वर्गणी, घराघरातून माणूस. तुळया खांद्यावर वाहून आणतात, शेकडो माणसं एका दोराला लागतात, बाजंत्री वाजवत असतात. कारदार, म्हणजे देवतेचा कारभारी, हिशोब ठेवतो. देवतेच्या भांडारातून पैसा येतो. आणि कुठलं झाड तोडायचं, दार कुठल्या दिशेला, हे गुराच्या तोंडून देवता सांगते. गूर म्हणजे जनावर नव्हे, ज्याच्या अंगात देवता येते तो माणूस. सिमेंट लावायचं नाही असंही सांगते! मग कोण लावणार?

चिरेबंदी

कुल्लूची_लेक, तुमच्या या उत्तराने माझं अर्धं उत्तर पूर्ण झालं. लाकूड, श्रम आणि पैसा या तिन्ही गोष्टी देवळाच्या बाबतीत सामाईक आहेत आणि घराच्या बाबतीत खाजगी झाल्यात. पूर्वी घर बांधतानाही शेजारी मदतीला येत असतील ना?

कुल्लूची_लेक

हो, येत. जेवण आणि लुगडी द्यायची, मजुरी नाही. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. आता सगळे हंगामात बागेत असतात आणि बांधकामाला बिहार-नेपाळचे मजूर असतात. त्यांना विटा आणि सिमेंटचं काम येतं. काठकुणीचं काम थावी करतात, आमच्याकडचे परंपरेने दगड-लाकडाचे कारागीर. त्यांची चांगली माणसं देवळांच्या कामात वर्षानुवर्षं गुंतलेली.

अबोली

लुगडी म्हणजे काय? इथे नऊवारीला म्हणतात!

कुल्लूची_लेक

तांदळाची घरगुती बिअर. 😊 सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं होतं की आमच्याकडे पाहुण्यांना लुगडी देतात, तेव्हा त्या फार खूश झाल्या होत्या.

ताकभात

हा धागा वाचून भूक लागली. सिड्डूचा विषय कसा काय निघाला नाही? गव्हाच्या आंबवलेल्या कणकेत अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तुपाची धार. नग्गरच्या वर जाणा गावात धबधब्यापाशी लाल तांदळाचा भात, राजमा, मक्याची भाकरी, सिड्डू आणि लिंगडीची भाजी असं ताट खाल्लं होतं. लिंगडी म्हणजे नेच्याचे कोवळे गुंडाळलेले कोंब. त्या लाल तांदळाला खोऱ्यात जाटू म्हणतात ना?

कुल्लूची_लेक

जाटूच. पूर्वी नदीकाठच्या खाचरांत भरपूर व्हायचा. तिथेही बागा आल्या. आता तो महाग मिळतो आणि पाहुण्यांसाठी ठेवतात.

नदीकाठ

बागांचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो. कुल्लूत सफरचंदाची पहिली बाग कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० मध्ये बंदरोलला लावली, नग्गरच्या खालच्या अंगाला. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. हिवाळे उबदार होत गेले तशी खोऱ्याच्या खालच्या भागातली सफरचंदं मागे पडली आणि लोक डाळिंब, प्लम, जपानी फळ (पर्सिमॉन) यांच्याकडे वळले. सफरचंद वर सरकतंय. म्हणजे ज्या पैशाने स्लॅबची घरं बांधली, तो पैसाही कायमचा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घर कशाचं बांधलं यापेक्षा कुठे बांधलं. जुनं नग्गर, रुमसू, जगतसुख, सगळी जुनी गावं नदीपासून चांगली वर, डोंगराच्या खांद्यावर आहेत. खाली सपाट जागा असूनही तिथे फक्त भातखाचरं होती, कारण ती जागा नदीची. जुलै २०२३ मध्ये बियासने ती परत घेतली. उजव्या तीरावरचा हमरस्ता जागोजाग वाहून गेला, काठावरच्या इमारती गेल्या. मनालीची वाहतूक तेव्हा बराच काळ डाव्या तीरावरून, नग्गरच्या अरुंद रस्त्यावरून चालली. जुना रस्ता आणि जुनं गाव दोन्ही कामी आले.

माझ्या मते वारसा म्हणून काही जपायचं तर आधी जागा निवडण्याची ही समज जपावी. काठकुणीची नक्कल केलेलं हॉटेल नदीच्या पात्रात उभं केलं तर त्याचा काय उपयोग?

दगडफूल

+१. आणि हे फक्त हिमालयाला लागू नाही.

शिळाशोध

जरा आडवाटेने जातो. नग्गरच्या राजवाड्याच्या खालच्या अंगाला उभ्या कोरीव शिळांच्या रांगा आहेत, त्या कुणी पाहिल्यात का? तिकडे त्यांना बरसेला म्हणतात. मेलेल्या राजांच्या स्मारकशिळा. वर राजा, कधी घोड्यावर, आणि खाली ओळींत त्याच्याबरोबर सती गेलेल्या राण्या आणि दासी. आपल्याकडचे वीरगळ आणि सतीशिळा अभ्यासणाऱ्यांनी तिथे एक सकाळ काढावी. आपल्या वीरगळात बहुधा खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, असा चढता क्रम असतो. तिथे ती गोष्ट नाही. नुसत्या उभ्या बायकांच्या रांगा. काही शिळांवर त्या इतक्या आहेत की मी मोजणं सोडून दिलं, पुढे बघवलं नाही.

लोक राजवाड्याच्या सज्जात फोटो काढतात आणि या शिळांकडे फिरकतही नाहीत. पाटी नीट नाही, कुंपण नीट नाही, शेवाळ चढलेलं. हासुद्धा त्या गावाचा वारसा आहे, आणि घरांइतका देखणा नाही म्हणून दुर्लक्षित आहे.

अबोली

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. जाईन तेव्हा नक्की बघणार.

जुनाकंदील

नग्गर म्हटलं की माझ्या पिढीला देविका राणी आठवते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची मालकीण आणि नायिका. १९४५ मध्ये चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिकशी लग्न केलं आणि सिनेमा सोडून ती नग्गरच्या घरी आली. पुढे ते दोघे बंगळूरला स्थायिक झाले. रोरिक यांच्या घरात त्या कुटुंबाची जुनी मोटारही ठेवली आहे.

पण या धाग्याशी जास्त संबंध आहे तो तिच्या सासऱ्यांचा. निकोलस रोरिक १९२८ च्या अखेरीस नग्गरला आले आणि १३ डिसेंबर १९४७ ला तिथेच वारले. घराच्या खाली त्यांच्या दहनाच्या जागी मोठी शिळा आहे. हिमालयाची त्यांची चित्रं सगळ्यांना माहीत असतात, त्यांचा करार कमी लोकांना. युद्ध चालू असतानाही देवळं, संग्रहालयं, ग्रंथालयं, शाळा यांना हात लावायचा नाही असा आंतरराष्ट्रीय करार व्हावा म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं झटला. १५ एप्रिल १९३५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातल्या २१ देशांनी त्यावर सह्या केल्या. त्याची खूण म्हणजे पांढऱ्यावर लाल वर्तुळ आणि आत तीन लाल ठिपके. रोरिक यांच्या घरावरून खाली बघितलं की आता काय दिसतं, हे गिरीवाट यांनी लिहिलंच आहे.

त्यांचा थोरला मुलगा यूरी तिबेटी विद्येचा मोठा अभ्यासक. उरुस्वती नावाची त्यांची संशोधन संस्था नग्गरलाच होती. तिथे वनस्पती, तिबेटी औषधं, भाषा यांवर काम चाले. गेंदुन छोफेल हा तिबेटी पंडित तिथे यूरींबरोबर काम करायला राहिला होता. १९४२ मध्ये नेहरू आणि इंदिरा गांधी रोरिक यांच्याकडे मुक्कामी होते. डोंगरातल्या एका छोट्या गावाने काय काय पाहिलंय!

माळरान

रोरिकसाहेबांबद्दल आदर आहे, पण करार देवळं आणि संग्रहालयांचा होता. राहत्या घरांना तो लागू केला की राहणारा माणूस पहारेकरी होतो.

कुल्लूची_लेक

माळरानजी, तुमचं म्हणणं मला पटतं आणि दुखतंही. घर माझं आहे, बंदी नको. पण आमच्याकडे गावाचं काय करायचं हे ठरवायची एक जागा आहे, त्याबद्दल लिहिते. राजवाड्याच्या अंगणात जगतीपट्टाचं छोटं देऊळ आहे. आत एक मोठी शिळा. देवांनी मधमाश्यांचं रूप घेतलं आणि ती शिळा उडवत इथे आणली असं मानतात. खोऱ्यावर मोठं संकट आलं की तिथे जगती भरते, म्हणजे सगळ्या देवतांचे गूर येतात आणि देवता काय म्हणते ते सांगतात. २००६ मध्ये मनालीजवळच्या डोंगरात स्कीचं मोठं गाव वसवायचा परदेशी पैशाचा प्रकल्प येणार होता, तेव्हा जगती भरली होती. देवतांनी नको म्हणून सांगितलं. तो प्रकल्प पुढे उभा राहिलाच नाही.

दगडफूल

क्षमस्व, पण इथे मला अडचण आहे. प्रकल्प वाईट असेलही. पण निर्णय देवतांच्या नावाने होणार असतील तर उद्या एखादी चांगली गोष्टही तशीच अडेल. शाळेत सगळ्यांना एकत्र बसवू नका असंही कुणी देवतेच्या तोंडून म्हणेल. आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर अजूनही चढू देत नाहीत त्यांचा गूर कोण?

कुल्लूची_लेक

प्रश्न खरा आहे. जातीचा भेद आमच्या देवळांमध्ये आहे, मी नाकारणार नाही. आईच्या वेळी होता, आजही आहे आणि मला त्याची लाज वाटते. जगतीत जे म्हटलं गेलं तेच बागायतदार, महिला मंडळं, पर्यावरणवालेही बोलत होते, कोर्टातही लढत होते. जगतीने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, एवढंच. पण वाजंत्री ज्यांची, लाकूड तासणारे हात ज्यांचे, त्यातल्या अनेकांना त्याच देवळात आत येता येत नाही. देवळं नवी होताहेत म्हणून मी नुसती खूश नाही, हे मला लिहायचंच होतं.

शिळाशोध

हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. वारशाच्या धाग्यावर हे सहसा कुणी लिहीत नाही.

पायपीट

आगीचा मुद्दा राहिला. चंद्रखणी उतरून पलीकडे मलाणा. तिथे जानेवारी २००८ मध्ये आग लागली आणि एकमेकांना लागून असलेली जुनी लाकडी घरं बघता बघता गेली, देवळंही गेली. २०२१ मध्ये पुन्हा लागली. हिवाळ्यात पाणी गोठलेलं, रस्ता नाही, बंब येणार कुठून. ओसरीत गवताच्या गंज्या आणि जळण. त्यानंतर तिथे बांधलेलं बरंचसं सिमेंट आणि पत्र्याचं आहे. ज्याचं घर असं गेलंय त्याला काठकुणी बांध म्हणून सांगायची माझी हिंमत नाही.

चिरेबंदी

बरोबर. म्हणून गावपातळीवर पाण्याचे साठे, गवत घरापासून दूर ठेवायची सामाईक जागा, चांगलं वायरिंग, हे आधी हवं. देवळाच्या आवारात असे बंदोबस्त कुठे कुठे झालेत.

आणि गिरीवाट, तुमच्या अनुदानाबद्दल. नुसते पैसे दिले तर लोक स्लॅबच्या घराला बाहेरून लाकडी फळ्या ठोकतील. ते मी पाहिलंय, मुख्यतः हॉटेलांत. दुसरा प्रकार त्याहून वाईट. लांबच्या गावातलं जुनं घर विकत घ्यायचं, सुटं करायचं आणि तेच शंभर वर्षांचं लाकूड रिसॉर्टला लावायचं. एका गावचं घर गेलं आणि दुसरीकडे देखावा झाला. अनुदान पैशात न देता लाकडात द्यावं. पूर्ण नवं काठकुणी घर बांधणाऱ्यासाठी नाही, जुनं दुरुस्त करणाऱ्यासाठी. कुजलेल्या चार तुळया बदलायला लागणारा देवदार वेळेत मिळाला तर घर आणखी दोन पिढ्या जातं. नाही मिळाला की छप्पर गळतं, आणि एकदा पाणी भिंतीत शिरलं की पाडण्यावाचून इलाज नसतो. पाटीच्या दगडाचंही तेच. तो मिळेनासा झाला म्हणून छपरावर पत्रा आला.

माळरान

याला माझा पाठिंबा. बंदी नाही, दुरुस्तीला लाकूड. हे राहणाऱ्याच्या बाजूचं आहे.

अबोली

आमच्या पेठेतल्या वाड्याचं असंच झालं. बारा वारस, कुणीच कौलं चाळायचे पैसे देईना. तीन पावसाळे पाणी मुरलं आणि मग ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस. दुरुस्ती झाली असती तर वाडा आज उभा असता. काका अजून तो विषय काढू देत नाहीत.

गिरीवाट

सगळ्यांचे आभार. चिरेबंदींचं ‘दुरुस्तीला लाकूड’ हे मला आवडलं आणि अनुदानाची मागणी मी आता तशीच मांडेन. स्लॅबवर सरसकट बंदी हवी असं मला अजूनही वाटतं ते फक्त दोन ठिकाणी: नदीच्या पात्रात आणि राजवाडा-देवळांच्या अगदी लगत. माळरान, तेवढं तरी मान्य करा.

कुल्लूची_लेक, एक विचारायचं होतं. भावाचं जुनं घर अजून उभं आहे म्हणालात. त्याचं पुढे काय?

माळरान

नदीचं पात्र शंभर टक्के मान्य. देवळाच्या लगतचं त्या शेजाऱ्याला विचारून.

कुल्लूची_लेक

गिरीवाटजी, काल रात्री भावाशी फोनवर बोलले. हा धागाही वाचून दाखवला. छप्पर एका कोपऱ्यात गळतंय आणि दोन तुळया गेल्यात असं तो म्हणतो. टीडीचा अर्ज केला आहे. शेजारच्या गावात एक घर पाडताहेत, त्याच्या चांगल्या तुळया त्या लोकांकडून विकत घेता येतील का तेही बघतोय, म्हणजे त्या खोऱ्याबाहेर तरी जाणार नाहीत. देवळाचं काम उरकलं की थावी बर्फाच्या आधी थोडे दिवस मोकळे असतात, तेव्हा धरायचं ठरलंय. सफरचंदाच्या पेट्या नव्या घरात जातील.

चिरेबंदी, तुम्ही एकदा येऊन बघाल का? दसऱ्याच्या सुमारास या. आमचा दसरा तुमचा संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. सगळ्या देवता खाली कुल्लू शहरातल्या ढालपूरच्या मैदानात उतरतात, त्यामुळे गावात शांतता असते आणि घर नीट बघता येईल. भाऊ म्हणतो राहायची सोय जुन्या घरात करू.

चिरेबंदी

येते. तुळयांची मापं आणि गळक्या कोपऱ्याचे फोटो आतून-बाहेरून आधी पाठवायला सांगा. आणि तोवर त्या कोपऱ्यावर ताडपत्री टाकायला सांगा, आजच.